ब्रेक (पॉकेट बिलियर्ड्स)

ब्रेक हा पॉकेट बिलियर्ड्स, म्हणजेच पूल, या खेळातील प्रत्येक डावाचा पहिला फटका होय. टेबलाच्या एका टोकाला घट्ट रचून ठेवलेल्या रंगीत चेंडूंवर खेळाडू दुसऱ्या टोकाकडून पांढरा चेंडू (क्यू बॉल) मारतो आणि ती रचना विस्कटतो. कॅरममध्ये ज्याला 'बोर्ड फोडणे' म्हणतात, त्याच जातीची ही क्रिया आहे. मात्र दोन्ही खेळांच्या नियमांत मोठा फरक आहे. कॅरममध्ये स्ट्रायकरचा सोंगटीला नुसता स्पर्श झाला तरी बोर्ड फुटला असे मानतात. पूलमध्ये चेंडू खरोखरच विखुरले गेले पाहिजेत, आणि ते किती विखुरले हे मोजण्याचे माप नियमांनी ठरवून दिलेले आहे. ब्रेकचे बहुतेक नियम या एका अपेक्षेतून निघालेले आहेत.

पॉकेट बिलियर्ड्स हे एका खेळाचे नाव नसून एट-बॉल, नाइन-बॉल, टेन-बॉल, स्ट्रेट पूल अशा अनेक खेळांचे सामायिक नाव आहे. या प्रत्येक खेळात ब्रेकचे नियम वेगळे आहेत. एका खेळातील नियम दुसऱ्या खेळाला लावल्यामुळे टेबलाभोवती नेहमी वाद होतात. या लेखातील नियम १ जानेवारी २००८ पासून लागू झालेल्या जागतिक प्रमाणित नियमावलीला धरून दिले आहेत. नियमावलीत वेळोवेळी दुरुस्त्या होतात व मोठ्या स्पर्धांचे आयोजक स्वतःचे पूरक नियमही करतात. म्हणून स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूने त्या स्पर्धेचे नियमपत्रक पाहणे आवश्यक असते.

टेबल आणि मांडणी

पूलच्या प्रमाण मोठ्या टेबलाचा खेळण्याचा भाग १०० इंच लांब आणि ५० इंच रुंद असतो. ब्रेक करणारा खेळाडू ज्या आखूड बाजूला उभा राहतो, तिला हेड म्हणतात. समोरची आखूड बाजू म्हणजे फूट. हेडच्या कुशनपासून लांबीच्या एक चतुर्थांश अंतरावर, म्हणजे २५ इंचांवर, एक आडवी रेषा मानलेली असते. ती हेड स्ट्रिंग होय. फूटच्या कुशनपासून तितक्याच अंतरावर टेबलाच्या मध्यरेषेवर एक बिंदू असतो, तो फूट स्पॉट. रचनेचा सर्वांत पुढचा चेंडू या बिंदूवर येतो. पूलचा चेंडू २.२५ इंच, म्हणजे सुमारे ५७ मिलिमीटर व्यासाचा असतो. स्नूकरचा त्याहून लहान, ५२.५ मिलिमीटर व्यासाचा.

ब्रेकच्या वेळी पांढरा चेंडू हेड स्ट्रिंगच्या मागे कोठेही ठेवता येतो. चेंडू रेषेच्या मागे आहे की नाही, हे त्याचा तळ कापडाला जेथे टेकतो त्या बिंदूवरून ठरते. चेंडूची कड रेषेच्या पुढे आलेली दिसली तरी तळ मागे असेल तर हरकत नाही. तळ नेमका रेषेवर असेल तर मात्र तो मागे धरला जात नाही. पार्लरमधील अनेक टेबलांवर ही रेषा काढलेलीच नसते. तेव्हा लांब बाजूंच्या लाकडी कडांवर बसवलेल्या खुणांपैकी हेडकडून दुसऱ्या खुणा नजरेने जोडून ती धरावी लागते.

चेंडूंच्या रचनेला रॅक म्हणतात. ज्या त्रिकोणी चौकटीने ती लावतात तिलाही व्यवहारात तेच नाव आहे. एट-बॉलमध्ये १५ चेंडूंचा त्रिकोण लावतात. ८ क्रमांकाचा काळा चेंडू तिसऱ्या ओळीच्या मध्यभागी असतो आणि शेवटच्या ओळीच्या दोन कोपऱ्यांपैकी एकात एकरंगी, तर दुसऱ्यात पट्टेरी चेंडू ठेवतात. बाकीचे चेंडू कोणत्याही क्रमाने लावता येतात. नाइन-बॉलमध्ये शंकरपाळीच्या आकाराची नऊ चेंडूंची रचना असते. १ क्रमांकाचा चेंडू टोकाला आणि ९ क्रमांकाचा मधोमध. टेन-बॉलमध्ये पुन्हा त्रिकोण असतो. १ क्रमांकाचा चेंडू टोकाला आणि १० क्रमांकाचा मध्ये.

रॅक घट्ट असणे ही केवळ शिस्तीची बाब नाही. सर्व चेंडू एकमेकांना टेकलेले असतील तर पहिल्या धक्क्याचा जोर एका चेंडूतून दुसऱ्यात थेट जातो आणि मागच्या ओळीतील चेंडूही वेगाने सुटतात. मध्ये केसाएवढी फट राहिली तर जोराची वाटणी बदलते, काही चेंडू जागीच रेंगाळतात आणि चेंडूंच्या दिशाही बदलतात. फूट स्पॉटजवळचे कापड रोजच्या वापराने खळगे पडून असमान झाले की चेंडू नीट टेकत नाहीत. अशा वेळी वरून ठोकून चेंडू बसवण्याची अनेकांना सवय असते. तिने खळगे अधिक खोल होतात. त्यापेक्षा कापड ब्रशने नीट घासून सारखे करावे, असे नियमावली सुचवते.

ब्रेक कोणी करावा

पहिला ब्रेक कोणी करायचा हे 'लॅग'ने ठरते. नाणेफेकीत नशिबाचा भाग असतो, लॅगमध्ये तो नसतो. दोन्ही खेळाडू हेड स्ट्रिंगच्या मागून एकाच वेळी एकेक चेंडू फूटच्या कुशनकडे मारतात. चेंडू त्या कुशनला एकदाच लागून परत यावा लागतो. ज्याचा चेंडू हेडच्या कुशनजवळ अधिक येऊन थांबेल तो लॅग जिंकतो. चेंडू टेबलाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात शिरला, खिशात गेला किंवा फूटच्या कुशनला दोनदा लागला तर ती लॅग बाद ठरते.

लॅग जिंकणाऱ्याला ब्रेकचा हक्क मिळतो असे सर्रास म्हटले जाते. वस्तुतः त्याला ब्रेक कोणी करायचा हे ठरवण्याचा हक्क मिळतो. हा भेद किरकोळ वाटतो, पण स्ट्रेट पूलमध्ये निर्णायक ठरतो. एट-बॉल आणि नाइन-बॉलमध्ये ब्रेक हा लाभ असतो, म्हणून विजेता तो स्वतःकडे ठेवतो. स्ट्रेट पूलमध्ये ब्रेक हे ओझे असते, म्हणून तो प्रतिस्पर्ध्याच्या गळ्यात घालतो.

पुढील डावांत ब्रेक आळीपाळीने द्यावा की आधीच्या डावाच्या विजेत्याने करावा, हे स्पर्धेचे आयोजक ठरवतात. विजेत्याने ब्रेक करण्याची पद्धत असली तर प्रतिस्पर्ध्याला बराच वेळ खुर्चीत बसून राहावे लागू शकते. १९९६ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथील एका स्पर्धेत अर्ल स्ट्रिकलंड या खेळाडूने नाइन-बॉलचे सलग दहा डाव स्वतःच ब्रेक करून संपवले आणि दहा लाख डॉलरच्या बक्षिसाची अट पुरी केली. आळीपाळीच्या पद्धतीत असा पराक्रम शक्यच नसतो. सामना मात्र अधिक समतोल होतो.

एट-बॉलमधील नियम

एट-बॉलमध्ये एरवी कोणता चेंडू कोणत्या खिशात घालणार हे आधी सांगावे लागते. ब्रेक त्याला अपवाद आहे. ब्रेकच्या वेळी काहीही जाहीर करावे लागत नाही आणि पांढऱ्या चेंडूने अमुक चेंडूलाच आधी लागावे असेही बंधन नसते.

वैध ब्रेकसाठी दोनपैकी एक गोष्ट घडावी लागते. एकतर कोणता तरी रंगीत चेंडू खिशात गेला पाहिजे. तसे झाले नाही तर किमान चार रंगीत चेंडू कुशनला लागले पाहिजेत. येथे चेंडू मोजतात, टक्कर मोजत नाहीत. एकच चेंडू तीन कुशनांना लागला तरी तो एकच धरतात. पांढऱ्या चेंडूचे कुशनला लागणे या मोजणीत येत नाही. चारही चेंडू एकाच कुशनला लागले तरी अट पूर्ण होते.

ही अट नसती तर काय झाले असते, याची कल्पना करणे कठीण नाही. भित्रा खेळाडू रॅकला हलकेच स्पर्श करून बाजूला झाला असता, समोरच्यानेही तेच केले असते आणि पंधरा चेंडूंचा गठ्ठा तसाच राहून खेळ पुढेच सरकला नसता. चार चेंडूंची अट ही पळवाट बंद करते.

अट पूर्ण झाली नाही तर ब्रेक अवैध ठरतो. मात्र एट-बॉलमध्ये त्याची गणना नेहमीच्या फाउलसारखी होत नाही. समोरच्या खेळाडूपुढे तीन पर्याय असतात. टेबलाची आहे ती स्थिती स्वीकारून त्याने खेळावे, किंवा चेंडू पुन्हा लावून स्वतः ब्रेक करावा, किंवा पुन्हा लावून आधीच्याच खेळाडूला ब्रेक करायला सांगावे. पांढरा चेंडू उचलून हवा तेथे ठेवण्याची मुभा या प्रसंगी मिळत नाही. पार्लरमध्ये ती बिनदिक्कत घेतली जाते, हा नाइन-बॉलच्या नियमाचा परिणाम आहे.

पांढरा चेंडू खिशात जाणे, म्हणजे 'स्क्रॅच', हा ब्रेकमधला सर्वांत नेहमीचा फाउल. तसे झाले तर समोरच्याला पांढरा चेंडू हाती घेऊन हेड स्ट्रिंगच्या मागून खेळता येते. एरवीच्या फाउलनंतर चेंडू टेबलावर कोठेही ठेवता येतो. ब्रेकनंतर मात्र रेषेच्या मागेच. तेथून खेळताना रेषेच्या मागे असलेल्या रंगीत चेंडूवर सरळ मारता येत नाही. पांढरा चेंडू आधी रेषा ओलांडून गेला पाहिजे. ब्रेकमध्ये एखादा रंगीत चेंडू टेबलावरून खाली उडाला तर तोही फाउल असून तो चेंडू परत आणत नाहीत. फक्त ८ क्रमांकाचा चेंडू उडाला तर तो पुन्हा जागेवर ठेवतात. तेव्हाही समोरच्याने आहे ती स्थिती स्वीकारायची किंवा चेंडू हाती घेऊन रेषेमागून खेळायचे, हे त्याने ठरवायचे असते.

सर्वाधिक भांडणे ८ क्रमांकाच्या चेंडूवरून होतात. तो ब्रेकमध्येच खिशात गेला तर काही ठिकाणी डाव जिंकला असे समजतात, काही ठिकाणी हरला असे. प्रमाणित नियमांनुसार दोन्ही चूक. ब्रेक वैध असेल तर ८ क्रमांकाचा चेंडू जाणे हा फाउल नाही आणि विजयही नाही. ब्रेक करणाऱ्याने तो चेंडू परत जागेवर ठेवून खेळ पुढे चालू ठेवावा किंवा पुन्हा ब्रेक करावा. ८ क्रमांकाच्या चेंडूबरोबर पांढराही गेला तर मात्र निवड प्रतिस्पर्ध्याकडे जाते: ८ क्रमांकाचा चेंडू जागेवर ठेवून तो हेड स्ट्रिंगमागून खेळू शकतो, अथवा नव्याने ब्रेक करू शकतो. डाव कोणीच हरत नाही.

दुसरा गैरसमज गटांविषयी आहे. ब्रेकमध्ये दोन पट्टेरी चेंडू गेले म्हणजे ब्रेक करणारा 'पट्टेरीवाला' झाला, असे धरून पुढचा खेळ चालतो. प्रत्यक्षात फाउल न होता चेंडू गेला तर खेळाडूची पाळी चालू राहते एवढेच. टेबल त्यानंतरही मोकळेच असते. ब्रेकनंतर जो खेळाडू आधी सांगितलेला चेंडू वैधपणे खिशात घालील, त्याचा गट त्या चेंडूने ठरतो. ब्रेकमध्ये पट्टेरी चेंडू गेलेले असतानाही एखाद्याला एकरंगी चेंडूंची मांडणी सोयीची वाटली तर त्याने एकरंगी गट घ्यावा. ब्रेकनंतर दोन मिनिटे टेबल न्याहाळणारा खेळाडू वेळकाढूपणा करत असतो असे नाही; तो ही निवड करत असतो.

नाइन-बॉल आणि टेन-बॉल

नाइन-बॉलमध्ये नेहमीच सर्वांत लहान क्रमांकाच्या चेंडूला आधी लागावे लागते आणि ब्रेकही त्याला अपवाद नाही. पांढरा चेंडू प्रथम १ क्रमांकाच्या चेंडूवर आदळला पाहिजे. चार चेंडू कुशनला लागण्याची अट येथेही आहे, पण ती मोडल्यास सरळ फाउल होतो आणि समोरच्याला पांढरा चेंडू टेबलावर कोठेही ठेवून खेळता येते. एट-बॉलमधील सौम्य उपाय येथे नाहीत.

वैध ब्रेकमध्ये ९ क्रमांकाचा चेंडू खिशात गेला तर डाव तेथेच जिंकला जातो. टेन-बॉलमध्ये १० क्रमांकाच्या चेंडूला ही सवलत नाही. तो परत जागेवर ठेवून खेळ पुढे चालतो. टेन-बॉल हा दैवाचा भाग कमी करण्याच्या हेतूने अधिक कडक ठेवलेला खेळ आहे, हे त्याच्या ब्रेकच्या नियमावरूनच कळते.

ब्रेकनंतर १ क्रमांकाचा चेंडू इतर चेंडूंच्या आड लपला तर पुढच्या खेळाडूवर अन्याय होतो. त्यावर तोड म्हणून 'पुश आउट' ठेवला आहे. ब्रेकनंतरच्या लगेचच्या फटक्यात खेळाडू तसे जाहीर करून पांढरा चेंडू कोठेही सरकवू शकतो. त्या फटक्यात लहान क्रमांकाच्या चेंडूला लागण्याचे वा कुशनला लागण्याचे बंधन नसते. त्यानंतर प्रतिस्पर्धी ठरवतो की स्वतः खेळायचे की खेळ परत पहिल्याकडे द्यायचा. एकाने वाटे करायचे आणि दुसऱ्याने आधी उचलायचे, अशी ही घरगुती न्यायाची रीत आहे.

गेल्या काही दशकांत नाइन-बॉलच्या ब्रेकवर आणखी निर्बंध आले, त्याचे कारण खेळाडूंचे कौशल्य. रॅक अगदी घट्ट असेल तर शंकरपाळीच्या बाजूच्या टोकाचा चेंडू फूटच्या कोपऱ्यातील खिशात वारंवार जातो, हे खेळाडूंनी हेरले. मग जोराने मारण्याची गरजच उरली नाही. बेताच्या वेगाने नेम धरून तोच चेंडू घालायचा, १ क्रमांकाचा चेंडू सोयीच्या जागी आणायचा आणि डाव संपवायचा. ब्रेकचा फटका असा पाठ केलेल्या उत्तरासारखा झाला. त्यावर आयोजकांनी तीन प्रकारचे उपाय केले. काही स्पर्धांत पांढरा चेंडू हेड स्ट्रिंगमागील मधल्या मर्यादित चौकटीतच ठेवावा लागतो. काही ठिकाणी किमान तीन चेंडू हेड स्ट्रिंगपर्यंत पोचावेत किंवा खिशात जावेत अशी अट असते. काही स्पर्धांत १ क्रमांकाऐवजी ९ क्रमांकाचा चेंडू फूट स्पॉटवर ठेवतात. त्यामुळे सगळा रॅक हेडच्या दिशेने पुढे सरकतो आणि बाजूचा चेंडू खिशाऐवजी कुशनवर आदळतो. तिसरा उपाय सर्वांत साधा आहे. त्यात पंचाला काही मोजावे लागत नाही.

स्ट्रेट पूल

या खेळात प्रत्येक चेंडूला एक गुण असून प्रत्येक फटका आधी सांगावा लागतो. ब्रेकही सुटत नाही. ब्रेक करणाऱ्याने सांगितलेला चेंडू सांगितलेल्या खिशात घालावा, नाहीतर पांढरा चेंडू आणि किमान दोन रंगीत चेंडू कुशनला लावावेत. पंधरा चेंडूंच्या घट्ट रचनेतून सांगून चेंडू घालणे जवळजवळ अशक्य असल्याने व्यवहारात दुसराच मार्ग उरतो. खेळाडू कोपऱ्यातील चेंडूला निसटता स्पर्श करतो, दोन चेंडू कुशनला लागून परत रॅकजवळ येतील असे पाहतो आणि पांढरा चेंडू हेडच्या कुशनला नेऊन चिकटवतो. अट चुकली तर दोन गुण वजा होतात आणि प्रतिस्पर्धी पुन्हा ब्रेक करायला लावू शकतो. पुन्हा चुकल्यास पुन्हा दोन गुण. जोरकस ब्रेक केला तर विखुरलेले पंधरा चेंडू समोरच्याला आयतेच मिळतात. म्हणून या खेळात चांगला ब्रेक म्हणजे जवळजवळ न फोडलेला रॅक.

स्नूकर, बिलियर्ड्स आणि 'ब्रेक' शब्दाचे दोन अर्थ

भारतातील वाचकाचा गोंधळ नियमांपेक्षा शब्दाने अधिक होतो. बिलियर्ड्स हा खेळ येथे मुख्यतः इंग्रजांच्या लष्करी छावण्या आणि क्लब यांतून रुजला. १८१७ च्या खडकीच्या लढाईनंतर पुण्यावर इंग्रजी अंमल आला आणि पुणे लष्कर व खडकी येथे छावण्या वसल्या. क्लब आणि अधिकाऱ्यांचे मेस ही त्या जीवनाची नेहमीची अंगे होती. स्नूकरचा जन्मही अशाच मेसमधला: १८७५ मध्ये तत्कालीन मध्य प्रांतातील जबलपूर येथे नेव्हिल चेंबरलेन या तरुण लष्करी अधिकाऱ्याने त्याची कल्पना मांडली, असे मानले जाते. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये कोलकाता येथे जागतिक हौशी बिलियर्ड्स अजिंक्यपद जिंकले. कोणत्याही खेळात वैयक्तिक जागतिक अजिंक्यपद मिळवणारे ते पहिले भारतीय होत. १९६४ मध्ये त्यांनी ते पुन्हा मिळवले.

या परंपरेत 'ब्रेक' म्हणजे एकाच पाळीत सलग मिळवलेले गुण. मुंबईचे मायकेल फरेरा यांनी १९७८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत ११४९ गुणांचा ब्रेक केला असे म्हणतात, तेव्हा त्यांनी काही फोडले असा अर्थ नसतो. इंग्लिश बिलियर्ड्समध्ये फोडण्यासारखे काही नसतेच. तेथे एकूण तीन चेंडू. आरंभी लाल चेंडू आपल्या जागेवर आणि प्रतिस्पर्ध्याचा चेंडू टेबलाबाहेर असतो.

स्नूकरमध्ये आरंभीचा फटका आहे आणि त्यालाही ब्रेक म्हणतात, पण त्याची वृत्ती स्ट्रेट पूलसारखी आहे. पांढरा चेंडू टेबलाच्या एका टोकाच्या इंग्रजी 'डी' अक्षरासारख्या अर्धवर्तुळात ठेवून खेळतात. त्याची त्रिज्या ११.५ इंच. पंधरा लाल चेंडूंपैकी एखाद्याला आधी लागले पाहिजे, एवढीच अट. ती चुकली तर किमान चार गुण प्रतिस्पर्ध्याला मिळतात. चार चेंडू कुशनला लावण्याचा नियम येथे नाही. त्यामुळे कसलेला खेळाडू कडेच्या लाल चेंडूला चाटून पांढरा चेंडू परत आपल्या टोकाला आणतो.

पूलची लहान टेबले भारतात पार्लरच्या रूपाने नंतर पसरली. १९९८ ते २०१० या काळातील आशियाई खेळांत एट-बॉल व नाइन-बॉल यांचा समावेश होता, आणि राष्ट्रीय स्पर्धांतही पूलच्या लढती होतात. तरी पार्लरमध्ये लिखित नियमांपेक्षा ऐकीव नियमच अधिक चालतात. स्नूकरच्या सवयीने कोणी एट-बॉलचा ब्रेकही हलका करतो आणि चार चेंडूंची अट मोडतो. कोणी नाइन-बॉलवरून शिकलेला, एट-बॉलमध्ये ८ क्रमांकाचा चेंडू ब्रेकमध्ये गेल्यावर विजयाचा दावा करतो. दोघांच्याही मागे नियम आहे, फक्त तो दुसऱ्या खेळाचा. पैज लावून खेळणाऱ्यांत किंवा महाविद्यालयीन स्पर्धांत यावरून सामने बिनसतात. अशा ठिकाणी लॅगपूर्वीच तीन गोष्टी बोलून घेतात: ब्रेकमध्ये ८ क्रमांकाचा चेंडू गेल्यास काय, स्क्रॅच झाल्यास पांढरा चेंडू कोठून खेळायचा, आणि अवैध ब्रेकनंतर चेंडू पुन्हा लावायचे की नाही.